शेपटीची दिशा

त्या संध्याकाळी अप्पांनी परसातल्या दुर्बिणीतून धूमकेतूचे चाळीस फोटो काढले आणि त्यातला बरा आलेला एक सगळ्या नातेवाइकांना पाठवला. कुणाचंच उत्तर आलं नाही. पहाटे अप्पा झोपेतच गेले.

दहाव्याला मात्र तो फोटो प्रत्येकाच्या मोबाइलवर उघडलेला होता. अप्पांचं काम इतक्या बारकाईनं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"शेपटी बघा की, सरळ घरावरच आलीय," काका फोटो मोठा करून म्हणाले. फोटोत घर कुठंच नव्हतं.

केराआत्यानं दुर्बिणीला लिंबू-मिरची बांधली. "शेंडेनक्षत्राकडं बघू नगं म्हणलं हुतं मी सिद्धरामाला. त्या नक्षत्रानंच नेलं माझ्या भावाला. ही दुर्बीण आजच घराभाईर काढा."

"आत्या, तो धूमकेतू कोट्यवधी किलोमीटर लांब होता," मी म्हणाले.

"लई शिकलीस न्हवं? मग धडधाकट माणूस कशानं गेला, सांग की!"

सगळे माझ्याकडं बघत होते.

"त्या संध्याकाळी त्यांच्या छातीत दुखत होतं, आत्या. दुर्बीण उचलून उसण भरली असेल, झोपा जरा, असं मीच त्यांना म्हणाले."