गळालेली टेस्ट

एक टेस्ट लाल झाली, म्हणजे नापास. बाकी सगळ्या हिरव्या होत्या.

रत्नमालानं खुर्ची पुढं ओढली. उस्मानपुऱ्यातल्या त्या ऑफिसात शनिवारी कुणी नसायचं. ती आणि कॉलेजपासूनचा मित्र भारत, दोघंच सकाळपासून बसले होते. दोघांनी मिळून एक लायब्ररी लिहिली होती. म्हणजे कुणीही फुकट घ्यावा आणि आपल्या प्रोग्रामात जोडावा असा उघडा ठेवलेला कोड. त्याचं काम एवढंच. वस्तीतली माणसं किती, जनावरं किती, टँकर केवढा ते सांगायचं, की रोज किती खेपा लागतील ते निघायचं. दुष्काळात पाणी पोचवणारी एक संस्था गेल्या उन्हाळ्यापासून त्याच आकड्यांवर टँकर सोडत होती.

कोड बरोबर चालतो की नाही हे तपासणाऱ्या टेस्ट ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार साच्यावर, लिहिल्या होत्या, ते आता बंद पडलं होतं. म्हणून सगळ्या टेस्ट नव्या फ्रेमवर्कवर न्यायच्या होत्या. कंटाळवाणं काम. तपासायचं तेच, फक्त लिहायची पद्धत बदलायची. दुपारी ते संपलं आणि ही लाल ओळ आली.

"माझीच टेस्ट आहे," रत्नमाला म्हणाली. "लहान वस्तीची. पण ही तर कधी लाल झाली नव्हती."

भारतनं जुनी फाइल उघडली. खाली-वर करत तो एका जागी थांबला. दोन टेस्टना एकच नाव होतं. रत्नमालाची टेस्ट एकदाही चालायच्या आत तिची नक्कल करून त्यानं मोठ्या गावाची टेस्ट लिहिली होती आणि नाव बदलायचं राहून गेलं होतं. जुनं फ्रेमवर्क एका नावाची एकच टेस्ट चालवायचं, शेवटची. आधीची गुपचूप गळायची. नव्या फ्रेमवर्कनं दोन्ही चालवल्या.

आणि हिशोब खरंच चुकत होता. लहान वस्तीला अख्खा टँकर लागत नाही. भागाकारात एकाच्या आतला आकडा यायचा, कोड अपूर्णांक कापून टाकायचा. उत्तर शून्य.

"आत्तापुरती ती टेस्ट वगळ," भारत म्हणाला. "आज नवी आवृत्ती जाऊ दे. सोमवारी निवांत बघू."

"इतके दिवस वगळलेलीच होती की."

रत्नमाला अशाच वस्तीवर वाढली होती. तिचे वडील सूर्यभान मेंढरं राखायचे. मोठ्या गावांच्या गर्दीत आपल्यासारख्यांची पालं हिशोबातून सुटू नयेत, म्हणूनच तिनं ती टेस्ट लिहिली होती.

दुरुस्ती एका शब्दाची होती. अपूर्णांक कापायचा नाही, वरच्या पूर्ण आकड्यावर न्यायचा. टेस्ट हिरवी झाली. मग तिनं संस्थेचे जुने आकडे नव्या कोडमधून पुन्हा काढले. मोठ्या गावांना फार तर एक खेप वाढली; शून्यावरून एकावर आलेलं ठिकाण एकच: टाकळीच्या माळावरची धनगरवस्ती.

तिनं संस्थेच्या आप्पासाहेबांना फोन लावला.

"आप्पासाहेब, टाकळीच्या माळावर टँकर जातो का हो?"

"नाय. तुमच्या प्रोग्रामानं तिथं खेप काढलीच नाय. आमाला वाटलं, त्यांची विहीर असंल."

"आमचा हिशोब चुकला होता. त्यांना रोज एक खेप लागते. उद्यापासून पाठवा."

"आता कुनाला पाठवू, ताई? होळीच्या आधीच उठली समदी वस्ती. आता तुमचं शून्यच बरोबर हाय."

वस्तीतली माणसं शेंद्र्याला बांधकामावर आहेत, एवढं आप्पासाहेबांना माहीत होतं. दोघं भारतच्या गाडीवर निघाले. चिकलठाणा मागं पडलं.

"नाव माझ्याकडून राहिलं," भारत म्हणाला.

"आणि भागाकार माझा होता," रत्नमाला म्हणाली.

शेंद्र्याच्या पुढं एका नव्या गोदामाच्या भिंती उभ्या राहत होत्या. शेजारी पत्र्याच्या खोल्यांची ओळ होती. एका खोलीपुढं आवडाबाई नावाची म्हातारी तांदूळ निवडत बसली होती. टाकळीच्या माळावरचीच. रत्नमाला तिच्यापुढं मातीत टेकली आणि काय झालं ते सांगितलं. टँकर कुठं जायचा हे मशीन ठरवायचं. त्या मशीनचा हिशोब तिनं लिहिला होता. तो चुकला.

आवडाबाईनं सूप खाली ठेवलं. "तू कुनाची गं?"

"सूर्यभानची. आमची पण मेंढरंच होती."

"मंग तुला काय सांगायचं."

"तुमची मेंढरं कुठायत, मावशी?"

"इकली. पाण्याबिगर काय ठिवायची? म्हातारा दोन दिस जेवला नाय."

भारत गाडीजवळच उभा राहिला होता. त्यानं मान खाली घातली. म्हातारीनं रत्नमालाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुमी परत चला माळावर," रत्नमाला घाईनं म्हणाली. "आता चूक नाय व्हायची. मी सांगितलंय त्यांना. रोज टँकर येईल."

"टँकर व्हय?" आवडाबाईनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "टँकर तर हितं बी रोज येतो, बाय. नव्या भिंतीवर पाणी मारायला. त्यांचं झालं की राह्यलेलं आमी भरतो."