तळ दिसला पाहिजे

पिवळं सेफ्टी जॅकेट घातलेला तो धिप्पाड माणूस कापडी कुंपणाशी वाकला आणि बेव्हन चालता चालता थांबला.

"कोण गं हा?" त्याने पोकलेनवर बसलेल्या शॅझला विचारलं.

"पिवळं जॅकेट, चकचकीत काळे बूट, चेहऱ्यावर हसू नाही, आणि शनिवारी सकाळी साइटवर," शॅझ म्हणाली. "तूच सांग, कोण असेल."

सांगायची गरजच नव्हती. कौन्सिलचा इन्स्पेक्टरच. बेव्हन या साइटचा मुकादम. ब्रिस्बेनच्या दक्षिणेची ही टेकडी घरांसाठी सोलून ठेवलेली, आणि गेल्या दोन वादळांत तिची लाल माती खालच्या ओढ्यात उतरलेली. वरच्या अंगाला नुसतं रान, त्यामुळे ओढा लाल झाला की नाव बेव्हनचंच निघे. आता पुन्हा झाला तर साइट बंद, असं कौन्सिलने बजावलं होतं. कंपनीने त्यात आपली भर घातली होती: साइट बंद झाली तर बेव्हनची रवानगी पश्चिमेच्या वाळवंटातल्या खाणीवर. तिथे बिअरसुद्धा गरम मिळते म्हणतात.

आणि आज दुपारी वादळ होतं.

"गुड मॉर्निंग, साहेब!" बेव्हन धावत सुटला. एरवी तो जगातल्या झाडून सगळ्यांना 'दोस्ता' म्हणे. 'साहेब' हा शब्द त्याने अशा प्रसंगांसाठी राखून ठेवला होता.

माणसाने बुटाची नाडी आवळली आणि उठून उभा राहिला. पाठीवर भलीमोठी पिशवी होती.

"पाऊस आला की ही माती कुठे जाते हो?"

"कुठेच नाही! कुंपण आहे ना!"

माणूस कुंपणाकडे नुसता बघत राहिला. असल्या कापडाचा खालचा काठ मातीत गाडायचा असतो. बेव्हनचं कापड परकराच्या झालरीसारखं वाऱ्यावर हलत होतं. शॅझ तीन आठवडे त्याच्या कानीकपाळी हेच ओरडत होती.

"गाडतोच आहोत!" बेव्हन घाईघाईने म्हणाला. "शॅझ, चर खण!"

"आत्ता खणते, बाबा."

एरवी तिने आधी एक सणसणीत शिवी हासडली असती. पण महिनाभर तिच्या तोंडून शिवी निघाली नव्हती. बेव्हनला वाटायचं, दाताचं काहीतरी असेल.

मग जी धांदल उडाली! माणूस बोलत काहीच नव्हता, फक्त बघत होता. त्याने मातीच्या ढिगाकडे बघितलं की ढिगावर ताडपत्री चढे. उघड्या उताराकडे बघितलं की उतारावर पेंढा पसरे. गटाराच्या तोंडाकडे बघितलं, तर तिथे वाळूची पोती पडली. फाटकात टाकायची खडी घेऊन डंपर आला, तेव्हा मात्र माणसाने दोन्ही हात वर केले. "ये... थोडा डावीकडे... बस्स!" डंपर सुतात येऊन थांबला.

"काय हात आहे साहेबांचा!" बेव्हन म्हणाला, आणि हे तो मनापासून म्हणाला.

दुपारी त्याने साहेबांना खिमा भरलेला गरम मीट पाय आणून दिला. माणसाने तो हातात घेतला आणि डोळे मिटले. मीट पायमध्येही काही खोट निघतेय की काय?

माणसाने डोळे उघडले. "उद्या सकाळी ओढ्याचा तळ दिसला पाहिजे. कमरेएवढ्या पाण्यातसुद्धा."

"दिसेल, साहेब."

"मी स्वतः उतरून बघणार आहे."

एवढ्या वर्षांच्या नोकरीत बेव्हनने गाडीतून न उतरणारे इन्स्पेक्टर पाहिले होते. पाण्यात उतरणारा हा पहिलाच.

"देव तुमचं भलं करो," असं म्हणून माणूस गेला. तेही बेव्हनने इन्स्पेक्टरच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

तिसऱ्या प्रहरी आभाळ फाटलं. टेकडीवरून लाल लोंढा सुटला आणि धाडकन कुंपणावर आदळला. कापड जेवलेल्या पोटासारखं फुगलं. बेव्हन आणि शॅझ निथळत उभे. फुगलं, आणखी फुगलं, आणि तसंच राहिलं. गाळ अलीकडे, पाणी पलीकडे!

"धरलं! अगं शॅझ, धरलं!" बेव्हन चिखलात उड्या मारत होता. "उद्या सकाळी ये बघायला!"

"उद्या नाही जमायचं. सांगितलं होतं ना, घरचं कार्य आहे."

रविवारी उजाडताच बेव्हन ओढ्यावर पोचला. पाणी थोडं चढलेलं, पण काचेसारखं. तळचे गोटे मोजून घ्यावेत! त्याला गावंसं वाटलं, आणि खरंच गाणं ऐकू आलं.

वळणापलीकडे फांदीवर ते पिवळं जॅकेट टांगलेलं होतं. काल पिशवीखाली झाकलेली त्याची पाठ आता उघडी होती, आणि तिच्यावर छापलेलं होतं: 'चर्चचं पार्किंग'.

काठावर पांढऱ्या झग्यातल्या लोकांची बाप्तिस्म्यासाठी रांग लागली होती. कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या त्या माणसाने कालच्याच सफाईने दोन्ही हात वर केले.

"ये... थोडी डावीकडे... बस्स!"

आणि रांगेतली पहिली, पांढऱ्याशुभ्र झग्यातली शॅझ, तळ बघत बघत पाण्यात उतरली.