रविवारची सही

नाना मेस्त्री रविवारी बरोबर अकराला पोलीस ठाण्यात आला आणि सहीसाठी वही मागितली. इन्स्पेक्टर राण्यांनी आज ती दिली नाही. समोरच्या खुर्चीवर बस म्हणाले.

राण्यांची निवृत्ती चार दिवसांवर आली होती. बत्तीस वर्षं त्यांनी उपनगरातल्या टोळ्यांचा पिच्छा पुरवला, पण पिस्तूल फारसं कधी काढलं नाही. सहीला येणाऱ्या माणसाला बोलतं करायचं, ही त्यांची खरी हातोटी. नाना एकेकाळी एका टोळीची गाडी चालवायचा. जामिनावर सुटल्यापासून नऊ वर्षं तो दर रविवारी मुलुंडहून दोन बस बदलून येत होता. कोण तुरुंगातून सुटलं, कुणाच्या पोराकडे अचानक नवी बाइक आली, हे सही करता करता बोलून जायचा. आपण खबर देतोय हे त्याच्या गावीही नसायचं. त्याच्या गप्पांवर राण्यांनी दोन टोळ्या मोडल्या होत्या.

काल मात्र पंचाईत झाली. त्यांच्या जागी येणाऱ्या मानसी सावे यांनी नानाची फाइल नीट वाचली. दर रविवारी सही करायची, मुंबई सोडायची नाही, ही अट फक्त आरोपपत्र दाखल होईपर्यंतच होती. आणि आरोपपत्र राण्यांनीच पहिल्या तीन महिन्यांत दाखल केलं होतं. जामिनाचा हुकूम इंग्रजीत, नानाचा वकील तोवर बेपत्ता, आणि राण्यांनी तोंड उघडलं नव्हतं. सर, तुम्ही सांगता की मी सांगू, एवढंच मानसीबाईंनी विचारलं.

आता राण्यांनी सगळं सांगितलं. मुद्दाम गप्प राहिलो, हेही सांगितलं. एवढी लाज त्यांना उभ्या नोकरीत वाटली नव्हती.

नानानं विचारलं, "म्हणजे आवस गेली तेव्हा मला गावाला जाता आलं असतं?"

चार वर्षांपूर्वी देवगडहून भावाचा फोन आला, तेव्हा नाना याच टेबलापाशी हात जोडून उभा होता. दोन दिवसांची परवानगी मागत होता. राण्यांना त्या आठवड्यात एका टोळीचा माग लागत आला होता आणि नाना हाताशी हवा होता. हुकूम म्हणजे हुकूम, असं त्यांनी सांगून टाकलं. आईला अग्नी धाकट्या भावानं दिला.

"आलं असतं," राणे म्हणाले. "तू माझ्याविरुद्ध तक्रार कर, नाना. मी नाकारणार नाही."

त्याच्या चेहऱ्यावर राग दिसेल म्हणून ते वाट बघत राहिले. राग असता तर बरं झालं असतं.

"तेरावं झाल्यावर मी बोडक्या डोक्यानं सहीला आलो होतो," नाना म्हणाला. "तुम्ही मला बघून उठून उभे राहिलात, साहेब. स्वतःच्या हातानं चहा दिलात. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, पोलीस असून माणूस देवासारखा आहे. ती अजून दिवा लावताना तुमचं नाव घेते. तिला आता काय सांगू?"