कोरडा चमचा

जेवणं निम्म्यावर आली तरी मार्लिसच्या हॉटडिशवरचा बटाट्याचा खरपूस थर कुणी मोडला नव्हता. खाली खिमा वाफाळत होता. वाढायचा चमचा कोरडा होता.

शेजारची भांडी तळाला गेली होती. पक्षाच्या मेळाव्याला घरटी एक भांडं, कडेला चिकटपट्टीवर आडनाव. डकोटातली जुनीच रीत. शाळेच्या व्यायामशाळेत जेवण, मग तिथेच मतदान. राज्याच्या सिनेटसाठी पक्षाचा उमेदवार कोण, पुन्हा तिचा नवरा आर्डन की पक्षातलाच तरुण ट्रॉय, हे आज ठरणार होतं.

नको त्या पुस्तकांसाठी ग्रंथपालांना तुरुंगात धाडायचं विधेयक पक्षाने आणलं, तेव्हा आर्डनने विरोधात मत दिलं होतं. त्याच आठवड्यात त्यांच्या टपालपेटीला गोळीचं भोक पडलं. पोरांचा चावटपणा असेल, आर्डन म्हणाला, कुठे बोलू नकोस. ती बोलली नव्हती.

ट्रॉय भरली ताटली घेऊन समोर आला. चर्चच्या रविवारच्या वर्गात तो तिच्या हाताखाली शिकला होता.

"बाई, तुमच्या हाताची चव मला लहानपणापासून माहितेय," तो म्हणाला. "पण आज जरा जपून खातोय."

त्याच्या मागचे दोघं हसले. त्यांतला एक चमच्याकडे बघत म्हणाला, काय घातलंय देव जाणे, हिचा नवरा हल्ली पलीकडच्यांच्या पंगतीला असतो.

मग आर्डन आला, खुशीत. सगळ्यांनी आपणहून हात मिळवले म्हणे, काळजीचं कारण नाही. मार्लिसने भांड्याकडे पाहिलं. त्याने पाहिलं नाही. तो व्यासपीठाकडे निघून गेला.

तिच्या भांड्यातला पहिला चमचा दरवर्षी शेजारच्या व्हर्नाचा असे. आज व्हर्ना ताटल्या गोळा करत जवळ आली आणि मान वर न करता बोलली.

"गाडी मागच्या दाराला आणून ठेव. चालू ठेव."

"हरलो तर काही करतील?"

"जिंकलात तर, मार्लिस." व्हर्नाने ताटल्या उचलल्या. "आणि मी काही बोलले नाही हं. मला इथेच राहायचंय."

मार्लिसने भांडं टॉवेलात गुंडाळून बाहेर नेलं. दरवर्षी परतताना ते रिकामं, मागच्या सीटवर कसंही टाकलेलं असे. आज भरलेलं होतं. सांडू नये म्हणून तिने शेजारच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा लावला. गाडी मागच्या दारापाशी आणली, तोंड रस्त्याकडे करून.

आतून टाळ्या ऐकू आल्या. बराच वेळ. कुणासाठी, ते कळेना. मग टाळ्या थांबल्या आणि नुसता आरडाओरडा राहिला.

मागचं दार धाडकन उघडलं. मावळतीचं ऊन बर्फावरून थेट डोळ्यांत येत होतं. एक माणूस, टोपी कपाळावर ओढलेली, एक हात कोटाच्या खिशात, गाडीकडे धावत येत होता.

तो आर्डन आहे हे तिला कळलं, तेव्हा तो गाडीचं दार ओढत होता, आणि तिचं बोट अजून कुलपाच्या दाबलेल्या बटणावर होतं.