झाकणाचा फोम

माझं डल्सिमर तीन तारांचं आहे, मांडीवर आडवं घेऊन वाजवायचं. आम्ही राहतो त्या बेडोकच्या दमट हवेत लाकूड फुगतं, म्हणून प्लायवूडची केस मीच बनवली. मिलिमीटर मोजून. झाकणाचा फोम तारांना टेकतो, आत बोट शिरायलाही जागा नाही.

सोमवारी ऑफिसातून आल्यावर केसचं कुलूप काढलं, तर फोममध्ये चार छोटे खड्डे. कुणाचा तरी हात तारांवर असतानाच झाकण लावावं, तसे बोटांच्या सांध्यांचे.

"अवनी, केसला हात लावलास?"

"नॉट मी, लाह." ते 'लाह' तिने इथल्या शाळेतून उचललेलं. "किल्ली तुझ्याकडेच असते ना, बाबा."

मी तिची मूठ खड्ड्यांवर टेकवून पाहिली. दहा वर्षांच्या मुलीची मूठ, तरी खड्ड्यांपेक्षा मोठी होती.

मी फोम बदलला. बुधवारी पुन्हा खड्डे आले आणि अवनीची मूठ त्यांत नेमकी बसली. पुन्हा फोम बदलला. गुरुवारी माझी बायको प्रेमा हिची मूठ बसली.

"हे घरात नको," एवढंच ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी मी वेगळा फोम चिकटवला, कितीही दाबला तरी अर्ध्या मिनिटात आपोआप सपाट होणारा. म्हणजे खड्डे टिकणारच नाहीत. कुलूप लावून किल्ली खिशात घातली आणि कामावर गेलो.

संध्याकाळी दोघींसमोर केस उघडली. खड्डे होते. मी माझी मूठ ठेवली, ती सैल पडली.

"बाबा," अवनी हळूच म्हणाली, "ते हलतंय."

माझ्या बोटांखाली फोम सावकाश वर येत होता, अर्ध्या मिनिटापूर्वीच कुणीतरी हात काढून घेतल्यासारखा.