आठ किलोची सायकल

पियुषनं टायटॅनियमची सायकल स्वतः जुळवली. हँडल, चाकं, सीट, अगदी बोल्टसुद्धा तो दिग्रसच्या सोनाराकडे जोखून, हलका असेल तोच निवडायचा. सगळं मिळून बरोबर आठ किलो भरलं.

वडिलांना, मारोतरावांना, यात काळंबेरं दिसलं. जास्त पैसे मोजून कमी वजन घेणारं गिऱ्हाईक त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

"तुले कोनंतरी फसवलं लेका. चाल, आपल्या शेठच्या काट्यावर मोजू."

दूधवाल्यापासून जावयापर्यंत मारोतरावांचा कोणावरच विश्वास नव्हता. भरवसा फक्त शेठच्या काट्यावर. दरवर्षीची तूर त्यावरच मोजून शेठला विकली जायची.

काट्यानं साडेसात किलो दाखवलं.

"पाह्य! अर्धा किलो मारला त्यानं!" मारोतराव गरजले.

"बाबा, एकेक पार्ट सोनाराच्या काट्यावर मोजेल हाये. सायकल आठच किलोची हाये."

मारोतरावांनी काट्याकडे पाहिलं, मग शेठकडे. शेठ घाईघाईनं सायकल खाली उतरवायला उठला.



"पियुष, लय कामाची हाये रे तुही सायकल," मारोतराव म्हणाले. "उद्या तूर आणतानी हिले संगच आणू."