आबांची पेटी

सांगलीचं घर न्यूझीलंडला हलवायचं तर दोन कंपन्या होत्या. एक सामान जहाजाने पोचवणार होती, सावकाश. दुसरी प्रत्येक वस्तूचा कण न् कण टिपून घ्यायची, इथली वस्तू विरघळवून टाकायची आणि तिकडे त्याच दिवशी हुबेहूब तशीच घडवून द्यायची.

"बाकीचं कसंही ने, माझी बाजाची पेटी मात्र जहाजानेच येऊ दे," आबा म्हणाले. शिरीषने मान डोलावली. पण एका पेटीसाठी दोन कंपन्यांच्या मागे कोण लागणार? त्याने सगळंच दुसऱ्या कंपनीला देऊन टाकलं. आबा मागाहून येणार होते, त्यांना कळणारही नव्हतं.

ऑकलंडला आल्या आल्या आबा पेटीपुढे बसले. वाजवता वाजवता त्यांचं बोट सवयीने एका पट्टीवर पडलं आणि ती वाजली. आबा थांबले.

आबांच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत आईच्या हातून पेटी पडली, तेव्हापासून ती पट्टी मुकी होती. आई गेल्यावरही आबांनी ती दुरुस्त करू दिली नव्हती. हुबेहूब म्हटलं तरी नवी वस्तू घडवताना कंपनी जुने दोष काढून टाकते, हे शिरीषच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"आबा, मी..."

"समुद्राची हवा मानवली हो हिला," आबा सुनेकडे बघत म्हणाले. "शिरीषने जपून आणली."

मग ते पुन्हा वाजवू लागले, तेवढी एक पट्टी टाळून. शिरीषला मान वर करवेना.